परग्रहावरचा गुत्ता आणि तिथला सौदा

सांगोल्याच्या किंवा चाकणच्या गुरांच्या बाजारात जो कधी हिंडला आहे, त्याने बैलाचा सौदा होताना पाहिलेला असतो. बाजार माणसांनी फुललेला. धूळ, हंबरणे, चहाच्या टपरीवरचा कालवा. आणि त्या गर्दीच्या ऐन मध्यावर दोन माणसे समोरासमोर उभी राहून एका उपरण्याखाली हातात हात घेतात. तोंडातून आकडा निघत नाही. बोटे दाबली जातात, सोडली जातात. एक जण मान हलवतो, दुसरा हात झटकून चार पावले जातो आणि पुन्हा परत येतो. भोवताली दहा माणसे उभी असतात. पण बोली काय झाली ते त्या दोघांनाच ठाऊक.

गुपित राखायचे म्हणजे रानात जायला हवे, असे आपण समजतो. पण रानात झाडाखाली दोघे कुजबुजताना दिसले, की पाहणारा लगेच म्हणतो, “काय शिजतंय रे यांचं?” बाजारात तेच दोघे हात धरून उभे राहिले, तर त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. गर्दी हाच तिथला आडोसा.

श्रोतेहो, आज ज्या प्रसंगाविषयी बोलायचे आहे तो आपल्या बाजारातला नाही, आपल्या पृथ्वीवरचाही नाही. तो आहे ‘स्टार वॉर्स’ या 1977 सालच्या अमेरिकन चित्रपटातला. एका परग्रहावरचा कळकट दारूचा गुत्ता आणि त्यात चाललेली एक गुप्त बोलणी. शाळेतली मुले हे चित्रपट पाहतात, त्यांतल्या लढाया आणि याने त्यांना तोंडपाठ असतात. मास्तरांना मात्र वाटते, की हा सगळा पोरखेळ. लढाया बाजूला ठेवा. पण हा एक प्रसंग पोरखेळ नव्हे. गुप्त व्यवहार कसा होतो, कोठे होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यात मोठ्या नेमकेपणाने दाखवलेले आहे.

प्रथम कथेचा धागा. दूरच्या एका तारामंडळात एक जुलमी साम्राज्य आहे आणि त्याच्याविरुद्ध बंड करणारे लोक आहेत. साम्राज्याने एक प्रचंड यंत्र-किल्ला बांधला आहे. अख्खा ग्रह फोडून टाकण्याची ताकद त्याच्यात आहे. त्या किल्ल्याचे नकाशे बंडखोरांनी पळवले आणि एका बुटक्या, पिंपासारख्या यंत्रमानवाच्या पोटात दडवले. हा यंत्रमानव आणि त्याचा उंच, सोनेरी रंगाचा सोबती, असे दोघे टॅटूइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर येऊन पडतात. या ग्रहाला दोन सूर्य आहेत. पाणी असे नाहीच. हवेतला दमटपणा यंत्रांनी गोळा करून तिथले शेतकरी दिवस काढतात. अशाच एका शेतकऱ्याचा पुतण्या ल्यूक स्कायवॉकर. यंत्रमानव त्याच्या हाती लागतात, आणि त्यांचा माग काढत आलेले साम्राज्याचे शिपाई त्याच्या काका-काकूंना ठार करतात. आता ल्यूक आणि ओबी-वान केनोबी नावाचा एक म्हातारा योद्धा, या दोघांना ते नकाशे अल्डरान नावाच्या ग्रहावर पोचवायचे आहेत. सरकारी वाटेने जाता येत नाही. नाव-गाव न विचारता घेऊन जाईल असा यानचालक हवा. तो कोठे मिळणार?

तो मिळतो मॉस आइझली या बंदरातल्या गुत्त्यात. बाहेरचे ऊन डोळे दिपवणारे आणि आत पाऊल टाकताच अंधार. डोळे सरावतात तसतशी गिऱ्हाइके दिसू लागतात. कोणाला शिंगे, कोणाला नुसते मोठाले डोळे, कोणाचे तोंड लांडग्यासारखे. एका कोपऱ्यात वाजंत्री चालले आहे. कोणी कोणाकडे पाहत नाही. पण प्रत्येक जण कानाने सावध आहे.

हा गुत्ता उभा कसा केला, हेही ऐकण्यासारखे आहे. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी 1976 साली आफ्रिकेतल्या ट्युनिशिया देशात जाऊन वाळवंटातली दृश्ये टिपली. टॅटूइन हे नावही तिथल्या तातावीन या गावावरून घेतलेले. गुत्त्याची बाहेरची बाजू जेरबा बेटावरच्या अजीम गावची, आणि आतली बाजू लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओतली. म्हणजे दाराबाहेर आफ्रिका आणि दाराच्या आत इंग्लंड! गिऱ्हाइकांचे मुखवटे स्टुअर्ट फ्रीबॉर्न या इंग्रज रंगभूषाकाराने केले. काम पुरे होण्याआधी तो आजारी पडला, म्हणून 1977 च्या आरंभी अमेरिकेत रिक बेकर व त्याचे सोबती यांनी आणखी काही प्राणी घडवले आणि ती दृश्ये मागाहून जोडली. संगीत जॉन विल्यम्स यांचे. लुकास यांनी त्यांना अशी कल्पना दिली, की 1930 च्या सुमाराचे अमेरिकन नाचगाण्याचे संगीत या परग्रहवासीयांना कोठे तरी पुरलेले सापडले आहे आणि ते आपल्या परीने ते वाजवू पाहत आहेत. म्हणून त्यात क्लॅरिनेट आहे, सॅक्सोफोन आहे आणि त्रिनिदादमध्ये तेलाच्या पिंपांपासून बनवतात तो स्टीलचा ढोलही आहे. सूर कानाला ओळखीचे वाटतात, पण पुरते ओळखीचे नव्हेत. नेमका तोच परिणाम साधायचा होता.

आता मूळ प्रश्न. बोलणी गुत्त्यातच का? एखाद्या गुहेत, पडक्या देवळात का नाहीत?

पहिले कारण आपण बाजारात पाहिलेच, ते गर्दीचे. दुसरे कारण असे, की गुप्त सौद्यातले दोन पक्ष एकमेकांना ओळखत नसतात आणि एकमेकांवर विश्वासही ठेवत नसतात. एकाच्या घरी दुसरा जाणार नाही. दोघांनाही परकी, म्हणूनच दोघांनाही सारखी, अशी जागा लागते. तिसरे कारण म्हणजे, जो माणूस हवा तो तिथेच भेटतो. कर्जबाजारी, परागंदा, चोरटा माल वाहणारा असा माणूस कचेरीत पाटी लावून बसत नाही. आणि चौथे कारण कथा सांगणाऱ्याच्या सोयीचे. हे विश्व केवढे मोठे आहे, त्यात किती जातीचे जीव नांदतात, कायदा कोठवर पोचतो आणि कोठे संपतो, हे सांगायला एरवी दोन प्रकरणे खर्ची पडली असती. गुत्त्याच्या दारातून आत एक नजर टाकली, की काम झाले.

यानचालकाचे नाव हॅन सोलो. त्याच्याबरोबर च्युबाका नावाचा एक उंच, केसाळ सोबती. सोलो मेजापलीकडे बसून आधी आपल्या यानाची फुशारकी मारतो. व्यापाऱ्याने बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसाच प्रकार. मग माल काय न्यायचा म्हणून विचारतो. म्हातारा सांगतो, की उतारू तेवढे आहेत. मी, हा पोरगा आणि दोन यंत्रमानव. अट एकच, प्रश्न विचारायचे नाहीत. एवढ्यावरून सोलो ओळखतो, की गिऱ्हाईक अडलेले आहे. तो दहा हजार मागतो आणि तेही सगळे आगाऊ. पोरगा उसळतो; एवढ्या पैशात स्वतःचे यान येईल असे त्याला वाटते. म्हातारा मात्र शांत. तो म्हणतो, दोन हजार आता आणि अल्डरानला पोचल्यावर आणखी पंधरा हजार.

मास्तरांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. मागणी दहाची, कबूल केले सतरा! वरवर पाहता म्हातारा फसला. पण त्याच्याजवळ रोकड नव्हतीच. दोन हजारांसाठीही पोराला आपली जुनी गाडी विकावी लागते, आणि नवा नमुना बाजारात आल्यामुळे तिला भाव मिळत नाही म्हणून तो कुरकुरतो. म्हाताऱ्याने विसार लहान ठेवला आणि उरलेली मोठी रक्कम पोचण्याशी बांधली. आगाऊ दहा हजार घेऊन सोलो वाटेतच त्यांना सोडून गेला असता, तर दाद कोणाकडे मागणार? बेकायदा व्यवहाराला कोर्ट नसते. म्हणून कराराची अंमलबजावणी करारातच शिवून ठेवावी लागते. उतारू सुखरूप पोचतील तरच पंधरा हजार मिळतील. जमिनीच्या व्यवहारात विसार देऊन बाकी रक्कम खरेदीखताच्या दिवशी देतात, त्यामागे बुद्धी हीच.

हे कौशल्य नसले तर काय होते, ते 1984 सालच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात दिसते. तिथे डॉक्टर मॅकॉय एका मद्यगृहात बसून बंदी असलेल्या ग्रहावर जाण्यासाठी यान ठरवू पाहतो. पण त्या ग्रहाचे नाव तो स्वतःच उच्चारतो, आणि समोरचा परग्रहवासी तेच नाव मोठ्याने घेतो. शेजारच्या मेजावर साध्या वेषातला सुरक्षा अधिकारी बसलेला असतो. झाले, डॉक्टरसाहेबांना अटक! आपल्या बाजारात तोंड का मिटलेले असते आणि बोटे का बोलतात, ते यावरून ध्यानात येईल.

अशी जागा निव्वळ कल्पनेतली आहे काय? नाही. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या तावडीतून निसटू पाहणारे हजारो निर्वासित फ्रान्समधून उत्तर आफ्रिकेत आणि तिथून पोर्तुगालच्या लिस्बन बंदराकडे वाट शोधत होते. त्या वाटेवरचे मोरोक्कोतले शहर कॅसाब्लांका. त्याच नावाचा चित्रपट 1942 साली निघाला. मूळ नाटक लिहिणाऱ्या दोघांपैकी मरे बर्नेट हे 1938 साली युरोपात गेले होते. नाझींच्या ताब्यात गेलेले व्हिएन्ना त्यांनी पाहिले आणि फ्रान्सच्या दक्षिणेला नाना देशांच्या लोकांनी भरलेले एक मद्यगृहही पाहिले. त्यातून रिक नावाच्या माणसाच्या मद्यगृहाची कथा सुचली. तिथे प्रवासाच्या परवान्यांची खरेदी-विक्री चालते. दागिने विकले जातात, माणसांचे जीव तोलले जातात. चित्रपटात काम करणाऱ्यांपैकी कित्येक नट स्वतःच युरोपातून पळून आलेले होते. म्हणजे पडद्यावरची ती भीती सगळीच नाटकी नव्हती.

पण श्रोतेहो, गर्दीचा आडोसा दुधारी असतो. जिथे कोणीही येऊन बसू शकतो, तिथे हेरही येऊन बसतो. ही गोष्ट कौटिल्याला पक्की ठाऊक होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष, म्हणजे मद्यावरचा अधिकारी, याच्यावर एक प्रकरणच आहे. मद्यगृहात अनेक दालने असावीत, बसण्या-निजण्याची वेगळी सोय असावी, फुले, सुगंध, पाणी असावे, असे त्यात सांगितले आहे. आणि लगोलग हेही सांगितले आहे, की तिथल्या हेरांनी गिऱ्हाइकांचा नेहमीचा खर्च किती आणि अचानक वाढलेला किती याची नोंद ठेवावी, परके कोण आले ते पाहावे. आणि नशेत निजलेल्या परक्यांच्या मनात काय आहे, ते दुकानदाराने आपल्या देखण्या दासींकरवी काढून घ्यावे! एवढी सुखसोय कशासाठी, ते आता कळले. माणूस सैल सुटावा म्हणून.

मॉस आइझलीतही तेच घडते. आतली बोलणी नीट पार पडतात; पण बाहेर रस्त्यावर लांब सोंडेचा एक खबऱ्या ल्यूक आणि म्हाताऱ्याच्या मागे लागतो, यानाची जागा हेरतो आणि शिपायांना खबर देतो. शिपाई येतात, गोळीबार होतो आणि यान कसेबसे निसटते. जिथे सगळेच विकाऊ, तिथे गुपितही विकाऊच.

दुसरी किंमत याहून जड आहे. म्हातारा आणि ल्यूक निघून गेल्यावर ग्रीडो नावाचा एक मारेकरी सोलोला गाठतो. सोलोने जॅबा नावाच्या सावकार-गुंडाचा चोरटा माल शिपायांच्या धाडीच्या वेळी टाकून दिला होता. ते देणे अंगावर आहे. दोघे मेजाशी बसून बोलतात आणि बोलता बोलता सोलो मेजाखालून त्याला गोळी घालतो. जाताना दुकानदाराकडे एक नाणे फेकतो. मुडदा पडला म्हणून कोणी उठत नाही. 1997 साली चित्रपट पुन्हा झळकला, तेव्हा लुकास यांनी आधी ग्रीडोने गोळी झाडली असा बदल केला. सोलो थंडपणे खून करणारा दिसू नये, हा हेतू. पुष्कळ चाहत्यांना तो बदल मुळीच रुचला नाही आणि त्यावर वर्षानुवर्षे वाद चालला. माझे मत विचाराल तर मूळचे दृश्य अधिक खरे होते. जिथे नाव विचारत नाहीत, तिथे मेलेल्याचेही नाव विचारत नाहीत. ही त्या मोकळेपणाची दुसरी बाजू आहे, आणि गुत्त्याची मौज वाटणाऱ्या मुलांना ती दिसलेली बरी.

आता मी आज मुद्दाम ज्यासाठी हा विषय घेतला, ती गोष्ट सांगतो. ल्यूक आत शिरतो तेव्हा दुकानदार त्याला हटकतो. कशाबद्दल? शेजारी बारा ठिकाणी फाशीची शिक्षा झालेला गुंड दारू पीत बसला आहे, त्याच्याबद्दल नव्हे. तो हटकतो त्या दोन यंत्रमानवांबद्दल. यांना इथे थारा नाही, यांना बाहेर उभे करा, असे तो दरडावतो. आणि ल्यूक, आपला नायक, फारशी हुज्जत न घालता त्यांना बाहेर पाठवतो.

खुनी चालतो, चोर चालतो, कर्जबुडव्या चालतो. पण ज्याने कोणाचे काही केले नाही, त्याला केवळ तो अमुक प्रकारचा म्हणून दार बंद! श्रोतेहो, हे वाक्य ऐकायला आपल्याला परग्रहावर जायला नको. हॉटेलात निराळी कपबशी ठेवलेली ज्यांनी पाहिली, ज्यांना ओंजळीत पाणी घ्यावे लागले, त्यांच्या आठवणी काही पुराणातल्या नव्हेत. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी पाणी प्यायले, ते या दाराविरुद्धच. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही. घटनेसारख्या ग्रंथात हॉटेलाचे दार का यावे, असा प्रश्न कोणी विद्यार्थी विचारील, तर त्याला हा प्रसंग सांगावा.

आणि यातली खोच पाहा. आत एवढी घासाघीस चालली आहे ती कशासाठी? ज्या नकाशांसाठी चालली आहे, ते नकाशे तर दाराबाहेर हाकललेल्या त्या बुटक्या यंत्रमानवाच्या पोटात आहेत! साऱ्या गुत्त्यातली सर्वांत मोलाची वस्तू उन्हात उभी आहे, आणि आतल्या एकालाही त्याची खबर नाही. माणसाला दारातच अडवणारा समाज आपले काय गमावतो, हे याहून नेमके सांगणे कठीण.

राहता राहिला सौद्याचा शेवट. यान अल्डरानच्या ठिकाणी पोचते तेव्हा अल्डरान नाहीच. साम्राज्याने तो ग्रह फोडून टाकला आहे. ज्या गावी पोचल्यावर पंधरा हजार मिळायचे, ते गावच उरले नाही. करार तिथेच संपला. पुढे सोलो एका कैदी राजकन्येच्या सुटकेत सामील होतो, तेही बक्षिसाच्या आशेने. बक्षीस मिळताच तो गाठोडे बांधून आपल्या वाटेने निघतो. लढाईशी त्याला कर्तव्य नसते. पण ऐन लढाईत ल्यूकचा जीव धोक्यात असताना तो परत येतो. या येण्याचे पैसे कोणी ठरवलेले नव्हते. कॅसाब्लांकातला रिकही असाच. आपण कोणाच्या बाजूचे नाही, असे म्हणणारा तो माणूस शेवटी हाती आलेले अमोल परवाने दुसऱ्यांना देऊन टाकतो.

तेव्हा शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांनी अशी दृश्ये पाहू नयेत म्हणून डोळे वटारण्यापेक्षा त्यांना तीन प्रश्न विचारा. या जागेत कोणाला येऊ देतात? कोणाला दारातून परत पाठवतात? आणि ठरलेल्या पैशांपलीकडे कोण काय करतो? मुले बरोबर उत्तरे देतात. गुत्त्यातला धूर आणि वाजंत्री विसरून ती थेट दाराबाहेरच्या त्या दोघांपाशी येऊन पोचतात.

उपरण्याखाली बोटांनी ठरतो तो भाव. बैल घरी नेल्यावर तो लबाड निघाला, तर पुढच्या बाजारी व्यापारी तोंड दाखवील की नाही, हे बोटांना सांगता येत नाही. ते दोन्ही हात सुटल्यावर, उपरणे खांद्यावर गेल्यावर, भर उजेडात ठरते.